पदावरच्या माणसाने भूतकाळ कसा वाचावा : महाराष्ट्रातील दुष्काळांच्या आधारे एक मार्गदर्शन

भूतकाळाचे ज्ञान आजच्या नेत्याला उपयोगी पडते का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट आहे. पूर्वी काढला गेलेला हुकूम आणि त्या हुकमाविरुद्ध लोकांनी केलेली तक्रार ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली, तरच ते ज्ञान कामाचे ठरते. नुसता हुकूम वाचणाऱ्याला सारे व्यवस्थित पार पडले होते असे वाटते आणि नुसती तक्रार वाचणाऱ्याला सारेच फसले होते असे वाटते. हे दोघेही आपापल्या समजुतीवर विसंबून नवा निर्णय घेतात आणि त्याची किंमत तिसरेच कोणीतरी मोजते. सरपंच, नगरसेवक, पंचायत समितीचे सभापती, आमदार, तहसीलदार अशा कोणत्याही पदावर असलेल्या आणि उद्या एखादा निर्णय घ्यावा लागणार असलेल्या माणसासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणे मुख्यतः दुष्काळाची घेतली आहेत, कारण महाराष्ट्रात सर्वांत सलग आणि सविस्तर कागदपत्रे मागे ठेवणारे संकट बहुधा तेच आहे आणि ते पुन्हा येणार हे सर्वांना ठाऊक आहे.

प्रश्न आधी लिहावा

जुने कागद उघडण्यापूर्वी आपल्यापुढचा निर्णय एका वाक्यात लिहून काढावा. ‘दुष्काळाचे काय करावे’ हा प्रश्न होत नाही. ‘टँकर जानेवारीत सुरू करावेत की मार्चपर्यंत थांबावे’, ‘चारा छावणी गावोगावी असावी की मंडळाच्या ठिकाणी एकच असावी’, ‘रोजगार हमीची कोणती कामे शेल्फवर तयार ठेवावीत’ हे खरे प्रश्न आहेत. प्रश्न नेमका नसला की वाचणारा भूतकाळात आपल्या मनात आधीच असलेले उत्तर शोधतो, आणि भूतकाळ एवढा मोठा आहे की ते तिथे सापडतेच.

स्वतःच्या अनुभवापासून सुरुवात करावी, पण त्याच्यावर थांबू नये

नेत्याला सर्वांत जवळचा वाटणारा भूतकाळ म्हणजे त्याची स्वतःची मागची कारकीर्द. तीच सर्वांत जास्त दिशाभूल करू शकते, आणि याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याचे आहे.

१८७३-७४ मध्ये बिहार आणि बंगालच्या काही भागांत पिके बुडाली, तेव्हा मदतकार्याची सूत्रे टेंपल यांच्याकडे होती. त्यांनी ब्रह्मदेशातून जवळपास पाच लाख टन तांदूळ आणवला, तो गावोगाव पोहोचवण्याची व्यवस्था केली, आणि भुकेने मरणाऱ्यांची संख्या अगदी अल्प राहिली. एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात असे यश फार दुर्मीळ होते. तरीही त्यांच्या वाट्याला कौतुकापेक्षा टीकाच अधिक आली. एवढा खर्च कशासाठी केला, तांदूळ उरला कसा, लोक मेले नाहीत याचा अर्थ संकटच मोठे नव्हते असे का म्हणू नये, असे प्रश्न त्यांना विचारले गेले.

तीन वर्षांनी, १८७६ च्या अखेरीस, दख्खन आणि मद्रास इलाख्यात त्याहून भीषण दुष्काळ पडला आणि १८७७ च्या आरंभी टेंपल यांना सरकारचे प्रतिनिधी म्हणून पाहणीला धाडण्यात आले. या वेळी त्यांनी आपल्यावर झालेली टीका लक्षात ठेवली आणि आपल्याला मिळालेले यश मात्र विसरले. मदतकार्यावरील प्रौढ पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि त्याबरोबर किरकोळ रोकड एवढ्यावर आणावी, असा त्यांचा आग्रह होता. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य, आणि तेही दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी या प्रमाणाला उघड विरोध केला आणि काही महिन्यांत तिथे मजुरी वाढवावी लागली. १८७६ ते १८७८ या काळात भूक आणि तिच्या पाठोपाठ आलेले रोग यांनी पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज केला जातो.

टेंपल यांना इतिहास माहीत नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही, कारण तो त्यांनी स्वतः घडवला होता. त्यांनी १८७४ कडे पाहून ‘लोक कशामुळे वाचले’ हे विचारायला हवे होते, आणि त्याऐवजी ‘माझ्यावर टीका कशामुळे झाली’ हे विचारले. म्हणून मागच्या कार्यकाळातील एखादा निर्णय आठवताना प्रत्येकाने दोन उत्तरे वेगवेगळी लिहावीत : त्या निर्णयाने लोकांचे काय झाले, आणि त्या निर्णयाने माझे काय झाले. ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळली की अनुभव हा शहाणपणाऐवजी भीतीचा साठा होतो. निवडणुकीत पडलेला नेता चांगली योजना सोडून देतो आणि निवडून आलेला नेता वाईट योजना चालू ठेवतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच गल्लत असते.

साम्यापूर्वी फरक मांडावा

महाराष्ट्रात पाऊस लांबला की ‘बहात्तरच्या दुष्काळासारखी परिस्थिती’ हे शब्द ऐकू येऊ लागतात. १९७२ चा दुष्काळ लोकांच्या स्मृतीत इतका खोल रुतलेला आहे की प्रत्येक टंचाई त्याच्याशी ताडून पाहिली जाते. अशा तुलनेला माझा विरोध नाही, पण ती करण्याची एक शिस्त आहे. एका कागदावर दोन रकाने आखावेत, एकात तेव्हाची आणि दुसऱ्यात आताची स्थिती लिहावी, आणि साम्याची एकही ओळ लिहिण्यापूर्वी फरकाच्या निदान पाच ओळी लिहाव्यात.

१९७२ आणि २०१६ यांची अशी तुलना करून पाहिली म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. १९७२-७३ मध्ये लागोपाठच्या अपुऱ्या पावसानंतर मुख्य तुटवडा होता तो धान्याचा आणि मजुरीचा. रेशनवर आलेली मिलो ही लाल ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी हे कोरडे पौष्टिक खाद्य अजून त्या पिढीच्या बोलण्यात येते. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना शासनाने मोठ्या प्रमाणावर कामे काढली, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे अशा कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास पन्नास लाख माणसे होती, आणि मोठी मनुष्यहानी टळली. पिण्याच्या पाण्याची ओढाताण होती, पण अनेक गावांत विहिरींच्या तळाशी थोडे पाणी शिल्लक होते, असे त्या काळातील लोक सांगतात.

२०१६ मध्ये चित्र नेमके उलटे होते. रेशन दुकानात गहू-तांदूळ होता, २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा लागू झालेला होता, पण लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटले होते आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. राज्याची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेत सुमारे पाच कोटी होती, ती २०११ मध्ये सव्वाअकरा कोटींच्या घरात गेली होती. विंधन विहिरी खोल गेल्या होत्या आणि उसाचे क्षेत्र वाढले होते. या परिस्थितीत ‘बहात्तर’ डोळ्यांपुढे ठेवणारा नेता मजुरीची कामे काढेल, आणि ती काढावीतही, पण त्याच्या गावाचा पहिला प्रश्न जमिनीखालचे पाणी कोण किती उपसतो हा असेल, आणि त्याचे उत्तर बहात्तरच्या कागदांत त्याला मिळणार नाही.

फरक लिहून झाल्यावर जे साम्य उरते, ते मात्र भक्कम असते. १९७२ आणि २०१६ या दोन्ही वेळी ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला संकटाची झळ सर्वांत आधी लागली आणि त्याची नोंद सर्वांत शेवटी झाली. हे साम्य मदतीचा क्रम ठरवताना उपयोगी पडते.

आकडे कोणत्या मापाने मोजले ते तपासावे

हा भाग लहान आहे, पण तो वगळल्यामुळे सभागृहातल्या कित्येक चर्चा निरर्थक होतात. महाराष्ट्रात पिकांची स्थिती पिढ्यानपिढ्या पैसेवारीने, म्हणजे नेहमीचे पीक एक रुपया धरले तर यंदा किती पैसे पिकले या मापाने, ठरवली गेली आणि ५० पैशांहून कमी पैसेवारी ही टंचाईची खूण मानली गेली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, जमिनीतील ओलावा, जलसाठे अशा निर्देशांकांवर भर दिला. त्यामुळे ‘तेव्हा इतके तालुके होते, आता इतकेच आहेत’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी दोन्ही यादी एकाच मापाने केल्या होत्या का, हे संबंधित कार्यालयाला विचारून घ्यावे.

कागद कोठे शोधावेत

गावपातळीवर सुरुवात ग्रामसभेच्या आणि मासिक सभेच्या इतिवृत्तापासून करावी. त्यानंतर तलाठी कार्यालयातील पैसेवारीच्या नोंदी, पंचायत समितीतील टंचाई कृती आराखडे आणि टँकरच्या खेपांच्या नोंदवह्या पाहाव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि आपल्या पाणलोटातील अशा विहिरीच्या अनेक वर्षांच्या नोंदी एका तक्त्यात मांडल्या तर तासाभराच्या भाषणाने न समजणारी गोष्ट एका नजरेत समजते. विदर्भात निस्तारपत्रकात चराई, सरपण आणि पाण्याचे सामाईक हक्क नोंदवलेले असतात. छावणीची जागा ठरवण्यापूर्वी ते वाचलेले बरे. जुन्या काळासाठी जिल्ह्याचे गॅझेटियर उपयोगी आहे, आणि त्याही मागे जायचे असेल तर पुणे आणि मुंबई येथील पुराभिलेखागारांचा मार्ग मोकळा आहे.

एवढे झाल्यावर माणसांकडे जावे. १९७२ मध्ये विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेलेली आहेत, त्यामुळे हे काम पुढे ढकलता येणार नाही. बागायतदार, अल्पभूधारक आणि मजूर यांना वेगवेगळे भेटावे. स्त्रियांना स्वतंत्रपणे विचारावे, कारण कामांवर त्यांची संख्या मोठी होती आणि पाणी आणण्याचा भारही त्यांच्यावरच होता. ‘तेव्हा कसे होते’ असे विचारले की आठवणी मिळतात. ‘कामाची मजुरी किती दिवसांनी हातात आली’, ‘कोणाला कामावर घेतले नाही’, ‘जनावरे कोणाला विकली आणि कोणत्या महिन्यात’ असे विचारले की निर्णयाला लागणारी माहिती मिळते.

तक्रार शोधून काढावी

हुकूम सरकारी दप्तरात जपून ठेवलेला असतो. तक्रार मात्र विखुरलेली असते, म्हणून ती मुद्दाम शोधावी लागते, आणि माझ्या दृष्टीने या सर्व खटाटोपातील सर्वांत मोलाचे काम हेच आहे.

१८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातही मदतकार्यावरील मजुरी कमी करण्यात आली. तेव्हा उपाशी असलेल्या हजारो मजुरांनी ती घेण्यास नकार दिला आणि कामे सोडली. सरकारी दृष्टीने याचा अर्थ सोपा होता : काम सोडले म्हणजे गरज नव्हती. पुण्याच्या ‘सार्वजनिक सभा’ या संस्थेने या काळात गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि ती सविस्तर निवेदनांच्या रूपाने सरकारपुढे ठेवली. एकच घटना एका बाजूच्या कागदात आळशीपणा म्हणून दिसते आणि दुसऱ्या बाजूच्या कागदात उपासमार म्हणून. १८८० च्या दुष्काळ आयोगाने, ज्याचे अध्यक्ष रिचर्ड स्ट्रेची होते, कामे वेळेवर काढावीत आणि मजुरी शरीर टिकवण्याइतकी असावी हे तत्त्व मांडले, आणि त्यातून इलाख्यांच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. पुढे १८९६ च्या दुष्काळात लोकमान्य टिळक आणि सार्वजनिक सभा यांनी याच संहितेतील तरतुदी मराठीतून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवल्या, म्हणजे सरकारने काय कबूल केले आहे ते लोकांनाच वाचून दाखवले.

महाराष्ट्राच्या रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. १८७७ मध्ये माणूस किती गरजू आहे हे पाहण्यासाठी त्याला घरापासून दूरच्या कामावर पाठवण्याची ‘कसोटी’ लावली जाई. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यात काम पाच किलोमीटरच्या आत द्यावे, त्याबाहेर दिल्यास दहा टक्के जादा मजुरी द्यावी, कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी, अशा तरतुदी केल्या गेल्या. या कायद्यातील प्रत्येक कलम मागे कोणाच्या तरी हालअपेष्टांवर उभे आहे असे समजून ते वाचावे. मग आपल्या गावच्या कामावर पाळणाघराची सोय नसणे ही किरकोळ त्रुटी वाटत नाही.

दुष्काळाबाहेरचे एक उदाहरण इथे द्यावेसे वाटते, कारण ते अगदी अलीकडे आपल्या अंगावर आले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. तो अवघ्या चार कलमांचा होता आणि त्याने सरकारला फार मोठे अधिकार दिले. पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या नेतृत्वाखाली गोऱ्या सैनिकांकडून घरोघर झडत्या घेतल्या गेल्या, लोकांनी रुग्ण लपवले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोरोनासाठी हाच १८९७ चा कायदा वापरला. ज्या अधिकाऱ्याने केवळ कायदा वाचला त्याला त्यात अधिकार दिसले. पुण्यातील तक्रार वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसली असती : टिळकांचा आक्षेप रुग्णांना वेगळे ठेवण्याला नव्हता, त्यांनी स्वतः पुण्यात प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय चालवण्यात पुढाकार घेतला होता. आक्षेप होता तो घरात शिरण्याच्या पद्धतीला. लोकांचा विरोध उपायाला आहे की तो राबवण्याच्या रीतीला, हे ओळखता आले तर अर्धे संघर्ष सुरूच होत नाहीत. याच सुमारास सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोकांच्या घरात शिरण्याची दुसरीही एक रीत त्याच शहरात, त्याच महिन्यांत अस्तित्वात होती.

भूतकाळाला कमाल मर्यादा मानू नये

सांगली आणि कोल्हापूर भागात २००५ च्या पुराच्या खुणा घरोघरी लोकांच्या लक्षात होत्या. २०१९ मध्ये त्या खुणेवर भरवसा ठेवून अनेक कुटुंबे घरातच थांबली, आणि पाणी त्या खुणेच्या वर गेले. आजवरची सर्वांत वाईट नोंद ही तयारीची किमान पायरी समजावी. दुष्काळालाही हे लागू आहे : टँकरची गरज ठरवताना मागचा सर्वोच्च आकडा गाठला की आराखडा पूर्ण झाला असे मानू नये.

दुसरी सावधगिरी दाखल्याच्या मोहाविषयी आहे. १९५६ मध्ये इजिप्तच्या नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांना त्यांच्यात १९३० च्या दशकातील हुकूमशहा दिसले. त्या दशकाचा ईडन यांना प्रत्यक्ष अनुभव होता, आणि तोच त्यांना लष्करी कारवाईकडे आणि जानेवारी १९५७ मध्ये राजीनाम्याकडे घेऊन गेला. एखादा ऐतिहासिक दाखला सुचताक्षणी मन पेटून उठत असेल, तर त्या दिवशी निर्णय घेऊ नये. दाखला सहकाऱ्यांपुढे ठेवावा आणि त्यांच्यापैकी एकाला तो खोडून काढण्याचे काम अधिकृतपणे सोपवावे.

आपला कागद मागे ठेवावा

आज आपण घेतलेला निर्णय उद्या कोणाच्या तरी अभ्यासाचा विषय होणार आहे, म्हणून तो कारणांसह लिहून ठेवणे हे पदाचेच काम आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्र’ या राज्यकारभारावरील ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी सूचना आहेत. आंबा आणि फणस तोडू नयेत असे तिथे म्हटले आहे, आणि त्याबरोबर कारणही दिले आहे की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जपून वाढवलेली असतात. कारण लिहिलेले असल्यामुळे तीनशे वर्षांनंतरही ती सूचना समजते. आपल्या ठरावांत बहुधा ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहिलेले सापडते, आणि दहा वर्षांनी त्यातून कोणालाही काही शिकता येत नाही.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयासोबत दोन पानांचे टिपण जोडावे. निर्णयाच्या दिवशी कोणती माहिती हाती होती, कोणते पर्याय नाकारले आणि का, कोणत्या जुन्या प्रसंगाचा आधार घेतला आणि तो प्रसंग आजच्याहून कसा वेगळा होता, हे त्यात असावे. कोणी विरोध केला आणि त्याचे शब्द काय होते, हे विरोध करणाऱ्याला दाखवून मगच लिहावे. टिपणाची एक प्रत इतिवृत्ताला जोडावी आणि एक टंचाई आराखड्याच्या धारिकेत ठेवावी. अधिकाऱ्यांच्या बदल्या साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे टंचाई सर्वांत तीव्र असताना होतात. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि जानेवारी ते मार्च या आराखड्याच्या पहिल्या दोन टप्प्यांचे टिपण ३१ मार्चपूर्वी पूर्ण करावे, आणि शेवटच्या टप्प्याचे टिपण टँकर बंद झाल्यापासून महिनाभरात, त्या गावातील ज्या वस्तीने सर्वाधिक तक्रारी केल्या तिथे बसून लिहावे.